जुन्या ॲम्बेसेडरला पाचवा गिअर : आधी हिशेब, मग पाना

हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसेडर बनविणे मे २०१४ मध्ये बंद केले. तरीही ज्या घराची भाकरी या गाडीने चालविली, ते घर तिला सहजासहजी भंगारात घालत नाही. वणीहून वरोरामार्गे नागपूर म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर. एवढ्या पल्ल्यावर जुन्या गाडीचे इंजिन सारखे ओरडत राहते. मग मालकाच्या मनात येते, पाचवा गिअर बसवून घ्यावा काय? पैसा घामाचा आहे, म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करावा, असे आम्हाला वाटते.

पाचवा गिअर करतो काय? चौथ्या गिअरमध्ये, ज्याला आपण टॉप म्हणतो, इंजिन आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात. पाचव्यात इंजिन कमी फिरते आणि शाफ्ट जास्त. यालाच ओव्हरड्राइव्ह म्हणतात. समजा, त्याचे प्रमाण ०.८५ आहे. मग चौथ्यात जिथे इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत होते, तिथे त्याच वेगाला २५५० होतील. आवाज घटतो, झीज कमी होते, पेट्रोलही थोडे वाचते. इंग्लंडमध्ये एम.जी. आणि ट्रायम्फ गाड्यांना गिअरबॉक्सच्या मागे असा वेगळा संच जोडलेला असे. चालक नुसती कळ दाबून तो चालू करी.

आपल्याकडे हे काम खुद्द कंपनीनेच केले. १९९२ मध्ये इसुझूचे १८०० सी.सी.चे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स घेऊन ॲम्बेसेडर बाजारात आली. म्हणून जुने मालक हाच बॉक्स शोधतात. पण जुन्या १४८९ सी.सी. इंजिनाचे बोल्ट त्याला जुळत नाहीत. मधे जोडपट्टी बनवावी लागते. क्लच प्लेटचे दाते बॉक्सच्या शाफ्टला जुळवावे लागतात. गिअरबॉक्सचा पाया बदलतो. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. स्टिअरिंगजवळचा दांडा काढून खाली पत्र्याला भोक पाडावे लागते. जोडपट्टीचे मधले भोक केसभर जरी सरकले, तरी बेअरिंग लवकर खराब होते. हे काम लेथवर हात बसलेल्या मिस्त्रीचेच आहे.

आता पैशाचे बघू. समजा, गाडी महिन्याला ८०० किलोमीटर फिरते आणि लिटरला १० किलोमीटर देते. पाचव्या गिअरने ती ११ देऊ लागली, तर महिन्याला सुमारे ७ लिटर वाचेल. पेट्रोल १०० रुपये धरले, तर ७०० रुपये. कामाला ४२ हजार लागले, तर ते फिटायला पाच वर्षे जातील. तीही गाडी मोकळ्या रस्त्यावर धावली तरच! बाजारात, किंवा कोळशाच्या ट्रकांमागे घुग्गुसच्या रस्त्यावर, पाचवा गिअर पडणारच नाही. सहा माणसे बसवून चढावर तो टाकला, तर इंजिन दमेल. ट्रकला ओलांडताना चौथ्यावर यावेच लागते.

कागदही महत्त्वाचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरविलेल्या रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच सांगितले आहे. बॉक्ससोबत इंजिनही बदलले, तर आर.सी.वरचा इंजिन क्रमांकच चुकीचा ठरतो. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने त्याच कागदावर बोट ठेवले, तर नुकसान भरपाईचा बोजा घरावर येईल. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन विचारा आणि मिळेल ते उत्तर लेखी घ्या.

आमचे सांगणे साधे आहे. आधी ब्रेक बघा. जुन्या ॲम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि पाचव्या गिअरच्या नादात वेग वाढला तर थांबवायचे काम त्यांनाच करायचे आहे. मग कार्बोरेटर, प्लग, टायरची हवा आणि क्लच. एवढ्या दुरुस्तीनेच अनेकदा पेट्रोल वाचते. त्यानंतरही दर आठवड्याला लांबचा पल्ला असेल, कागद स्वच्छ असेल आणि मिस्त्री विश्वासाचा असेल, तर खुशाल पाचवा गिअर बसवा. मात्र हा निर्णय एकट्याने घेऊ नये. घरच्या भगिनींसोबत वही घेऊन बसा. मुलांच्या फीचे पैसे आधी बाजूला काढा, आणि उरले त्यातूनच गाडीचा विचार करा.