पीटरची लूट, पिएरची भर

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक नावाचा छोटा प्रांत आहे आणि त्यात केंट नावाची काउंटी. मासेमारी, लाकूडतोड, जेमतेम शेती. याच काउंटीतल्या बूक्तूश गावात के. सी. आयर्विंग जन्मले. पुढे तेल, कागद, जहाजं आणि प्रांतातली बहुतेक इंग्रजी दैनिकं त्यांच्या हाती आली. जवळच्याच सेंत-आंतुआनमध्ये 1925 साली लुई रोबिशो जन्मले. 1960 च्या दशकात या दोघांची जी जुंपली ती लोकांना भाषेची भांडणं वाटली. मुळात ती घरपट्टीची होती.

रोबिशो अकादियन, म्हणजे 1755 पासून इंग्रजांनी या किनाऱ्यावरून हुसकावून लावलेल्या आणि नंतर चिकाटीनं परतलेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज. चौदाव्या वर्षी पाद्री व्हायला घर सोडलं, पण पाद्री काही झाले नाहीत. क्वेबेकच्या लावाल विद्यापीठात सामाजिक शास्त्रांचा अभ्यास करून वकिली धरली आणि 1952 मध्ये केंटमधून आमदार झाले. 1960 च्या निवडणुकीत त्यांनी एकच मुद्दा लावून धरला: रुग्णालय-विम्यासाठी घरटी भरावा लागणारा हप्ता रद्द करू. चौतिसाव्या वर्षी ते प्रीमियर झाले. आपल्या हिशेबात मुख्यमंत्रीच. त्यांच्याआधी एक अकादियन या खुर्चीत बसून गेला होता, पण निवडणूक जिंकून बसणारे हे पहिले.

आता घरपट्टीचं. शाळा, दवाखाने, गरिबांना मदत, तुरुंग, हे सगळं तेव्हा काउंटीनं आपापल्या करातून चालवायचं. जिथे कारखाने, तिथे पैसा. जिथे नुसते कोळी आणि लाकूडतोडे, तिथे कराचा दर चढा आणि तरी हाती काही उरायचं नाही. गरीब काउंटीतला मास्तर कमी शिकलेला, पगारही कमी. कारखानदारांना आणावं म्हणून गावंच त्यांना करात सूट द्यायची, म्हणजे तोही ओझ्याचा भाग पुन्हा घरमालकावर. फ्रेंच भाषक जास्त करून अशाच काउंट्यांत राहत, म्हणून गरिबी फ्रेंच दिसायची. इंग्रजी बोलणाऱ्या गरीब काउंट्याही होत्या, हे मात्र सोयीनं विसरलं जायचं.

रोबिशोंनी बॅथर्स्टचे वकील एडवर्ड बर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 1963 च्या अहवालानं सरळ सांगितलं, काउंटी परिषदा मोडीत काढा. शिक्षण, आरोग्य, कल्याण, न्याय प्रांतानं चालवायचं, आणि मालमत्ता कराचा दर सगळीकडे एकच. हीच ‘समान संधी’ योजना. ती राबवायला सास्कॅचेवान प्रांतातून अधिकारी आले. तिथलं डावं सरकार 1964 मध्ये पडलं आणि ही मुरलेली मंडळी मोकळी झाली होती. 422 शाळा-मंडळांची 33 झाली. कागदावर हा प्रशासकीय आकडा. प्रत्यक्षात मास्तरांना प्रांतभर एकच वेतनश्रेणी.

करसवलती जाणार म्हटल्यावर आयर्विंग स्वतः विधिमंडळाच्या समितीपुढे विरोध करायला उभे राहिले. ‘पीटरला लुटून पिएरची भर’, म्हणजे इंग्रजी भाषकाला लुटून फ्रेंच भाषकाची भर, ही घोषणा गाजली. व्यंगचित्रांत ठेंगणे रोबिशो झाले राजा लुई चौदावा. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. घोषणा चलाख होती, यात वाद नाही. कराचं कोष्टक कुणी वाचत नाही, पण ‘तुमचा पैसा त्यांना’ हे कुणालाही कळतं. तरीही 1967 मध्ये रोबिशोंनी 58 पैकी 32 जागा जिंकल्या.

भाषेचा कायदा त्यानंतरचा, आणि हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मधल्या काळात 1963 मध्ये माँक्टन इथे फ्रेंच विद्यापीठ उभं राहिलं होतं. त्याच शहराचे महापौर लेनर्ड जोन्स यांचा मात्र फ्रेंचला कडवा विरोध. 1968 मध्ये विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर आले आणि त्यांच्या घरी डुकराचं मुंडकं पोचतं झालं. एप्रिल 1969 मध्ये रोबिशोंच्या सरकारनं इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही अधिकृत भाषा ठरवणारा कायदा केला, ओटावाच्या केंद्रीय कायद्याच्याही आधी. शाळांची व्यवस्था आधी सावरली नसती, तर त्या कायद्यातून फ्रेंच विद्यार्थ्याच्या पदरात फारसं काही पडलं नसतं.

1970 मध्ये आकडे उलटले: विरोधकांना 32, रोबिशोंना 26. रिचर्ड हॅटफिल्ड आले, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि इंग्रजी भाषक. त्यांनी समान संधीला हात लावला नाही, आणि भाषा-कायद्याची राहिलेली कलमं 1977 पर्यंत त्यांनीच लागू केली. न्यू ब्रन्सविक आजही कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत आहे. 1993 मध्ये दोन्ही भाषिक समाजांची समानता राज्यघटनेतही आली. रोबिशो तोवर ओटावाच्या सिनेटमध्ये होते. तिथून ते 2000 मध्ये निवृत्त झाले आणि 2005 च्या जानेवारीत केंट काउंटीतल्याच एका रुग्णालयात वारले.