पोट सुटलेल्या खिडकीचा पडदा

आमच्या हॉलच्या खिडकीला पोट सुटलेलं आहे. बिल्डरच्या कागदावर तिचं नाव ‘बे विंडो’ असं आहे. भिंतीच्या रेषेत मुकाट उभं राहायचं सोडून ती सव्वा फूट बाहेर डोकावते. आत बसायला कट्टा आणि तिन्ही बाजूंना काच. कोंढव्यातला हा फ्लॅट बघायला गेलो तेव्हा आम्ही सगळे या खिडकीवरच भाळलो. मी तर मनातल्या मनात तिथे बसून दोन कविताही लिहून टाकल्या. पडदा कसा लावायचा, हा प्रश्न मात्र एकालाही पडला नाही.

तो पडला पहिल्या एप्रिलमध्ये. खिडकी पश्चिमेची. चार वाजल्यापासून ऊन थेट हॉलमध्ये येऊन बसायचं, उठायचं नाव नाही. टीव्ही दिसेना, सोफ्याचं कापड विटायला लागलं. आणि अम्मीच्या डोळ्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मिरजेचं घर विकल्यापासून अम्मी माझ्याकडे असते. वय ब्याऐंशी. आल्या दिवशीच तिने त्या कट्ट्यावर आपली उशी ठेवली आणि जागा ताब्यात घेतली.

आता या खिडकीचा आकार सांगते, कारण सगळी गोम त्यात आहे. मधली काच ६० इंच. डावीकडची तिरपी, २१ इंच. उजवीकडे इमारतीचा कॉलम आडवा आला म्हणून तिथली बाजू तिरपी न करता सरळ काटकोनात आत वळवलेली, ती १५ इंच. म्हणजे एक खांदा उतरता आणि एक ताठ. वर बीम इतका खाली आलेला की चौकट आणि बीम यांच्यामध्ये चार बोटंच जागा. सुतार येऊन गुण्या लावून गेला आणि म्हणाला, “मॅडम, यात गुण्यात काहीच नाही.”

पहिला उपाय आम्ही केला तो बहुतेक घरांत करतात तोच. खिडकीच्या पोटात शिरायचंच नाही. तिच्या तोंडावर, भिंतीच्या रेषेत, सरळ एक दांडा ठोकायचा आणि त्यावर जमिनीपर्यंत पडदे सोडायचे. काम सोपं, खर्च कमी, माप घ्यायला अक्कल लागत नाही. आम्ही अस्तर लावलेले जाड मरून पडदे केले. पाहुणे म्हणाले, छान दिसतात. दिसत होतेच.

एक दिवस दुपारी मी बाजारातून आले. सुनेने टीव्हीवर ऊन येतं म्हणून पडदे ओढलेले, हॉलमध्ये अंधार. मला वाटलं, अम्मी आत झोपली असेल. पिशव्या ठेवल्या, पंखा लावला, फोनवर एका मैत्रिणीशी अर्धा तास बोलले. बोलणं चांगलं रंगात आलं होतं. तेवढ्यात पडद्यामागून खोकल्याचा आवाज आला.

अम्मी तिथेच होती. उन्हात, डोळ्यांवर पदर धरून, भिंत आणि काच यांच्यामध्ये सव्वा फुटात बसलेली. मी म्हटलं, “अम्मी, हाक का नाही मारलीस?” ती म्हणाली, “हाक मारली ना दोनदा. कापड जाड आहे.” मग समोरच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या सगळ्यांना मी दिसते. घरच्यांना दिसत नाही. हा पडदा उलट्या बाजूला लागलाय गं.”

मी ज्या विषयावर वीस-पंचवीस वर्षं कविता लिहिल्या, परिसंवादांत तावातावाने बोलले, तो पडदा मी स्वतःच्या हाताने, मीटरवर मोजून, आईच्या पाठीशी शिवून घेतला होता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तिचं ‘उलट्या बाजूला’ हे म्हणणं मला नंतर कळत गेलं. आमचं मिरजेचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याला लागून. रस्त्याकडच्या खिडकीला चिकाचा पडदा होता. बांबूच्या बारीक काड्या सुतळीने विणलेल्या, बाहेरून हिरवा रंग दिलेला, आतून धुराने आणि वयाने काळपटलेला. अम्मी त्याच्यामागे बसून तांदूळ निवडायची आणि अख्खा रस्ता तिला दिसायचा. मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. ‘किराणा व भुसार’, ‘सायकल भाड्याने मिळेल’ या पाट्या वाचत मी मराठी अक्षरं शिकले, काड्यांनी आडव्या कापलेली. रस्त्यावरच्या माणसाला मात्र आमच्या खिडकीत फक्त हिरवा रंग दिसायचा.

यात जादू काही नाही. जाळीतून आपल्याला तीच बाजू दिसते जिथे उजेड जास्त आहे. दुपारच्या थेट उन्हात प्रकाश लाख लक्सच्या घरात असतो. आपल्या हॉलमध्ये दिवा लावला तरी तो शंभर-दोनशेच्या आसपास. त्यामुळे दिवसा आतला माणूस बाहेर बघतो आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. सूर्य मावळून घरात दिवा लागला की हिशेब उलटतो. तुम्हाला काळी काच दिसते आणि समोरच्या इमारतीला तुमचं ताट दिसतं. जयपूरच्या हवा महालाच्या, १७९९ साली बांधलेल्या, ९५३ लहान खिडक्या याच नियमावर चालतात. फुगीर पोटाचे झरोके, त्यांना जाळ्या, आत सावली. राजघराण्यातल्या स्त्रियांना खालची मिरवणूक दिसावी आणि खालच्यांना त्या दिसू नयेत, यासाठी ती सगळी रचना. आपल्या पुण्यात विश्रामबाग वाड्याचा लाकडी सज्जा रस्त्यावर असाच पुढे आलेला आहे. भिंतीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघायची हौस बिल्डरच्या आधीची आहे.

म्हणजे एका कापडाकडून दिवसाचं आणि रात्रीचं अशी दोन्ही कामं होत नाहीत. दिवसासाठी विरळ काही हवं, रात्रीसाठी दाट. आणि दोन्ही कट्ट्याच्या पलीकडे, काचेजवळ हवीत. बसणारा माणूस घराच्या बाजूला राहिला पाहिजे.

इतकं ठरल्यावर आम्ही एका दुकानात गेलो. नाव सांगत नाही. त्यांनी तिन्ही काचांना व्हर्टिकल ब्लाइंड सुचवले, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे. त्यांच्या माणसाने येऊन टेप काचेला लावला, ६०, २१, १५ असं लिहून घेतलं आणि आगाऊ पैसे घेऊन गेला. तीन आठवड्यांनी माल आला तो बसेचना. मधली पट्टीच साडेपाच इंच लांब. दुकानदार म्हणाला, ऑर्डरचा माल परत घेत नाही.

चूक कुठे झाली ते मी कागदावर काढून पाहिलं. बी.ए.ला मराठी होतं, भूमिती नव्हे, तरी सापडलं. पोट बाहेर आलेल्या खिडकीत आपण काचेपासून जितकं आत येऊ तितकी मधली बाजू आखूड होत जाते. उभ्या पट्ट्यांना फिरायला जागा लागते, म्हणून त्यांची वरची पट्टी काचेपासून चार इंच आत बसते. काटकोनी कोपऱ्यात चार इंच आत आलात की मधल्या बाजूचे पूर्ण चार इंच जातात. पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या कोपऱ्यात पावणेदोनच्या जवळपास. झाले साडेपाचच्या वर. त्यामुळे माप काचेचं कधीच घ्यायचं नाही. दांडा किंवा ट्रॅक जिथे बसणार ती रेघ खडूने आधी आखायची आणि त्या रेघेचं माप घ्यायचं. कोपरा मोजायला कोनमापक लागत नाही. कट्ट्यावर वर्तमानपत्राचं पान कोपऱ्याला घट्ट बसवायचं, काचेच्या रेषेत घडी घालायची आणि ते पानच कारागिराला द्यायचं. मी रविवारची पुरवणी वापरली. वाचून झाल्यावर, अर्थात.

आणखी एक. भिंती ओळंब्यात असतात हा भ्रम आहे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल तर तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरा.

शेवटी आम्ही तिन्ही काचांना रोलर ब्लाइंड केले, पण जाळीच्या कापडाचे. हे कापड किती विरळ आहे ते शेकड्यात सांगतात. एक टक्का, तीन, पाच, दहा. आम्ही पाच टक्क्यांचं घेतलं. रंग निवडताना दुकानातली मुलगी पांढऱ्याचा आग्रह धरत होती. अम्मीने दोन नमुने हातात घेतले, दाराशी जाऊन उजेडाकडे धरले आणि म्हणाली, “पांढरा स्वतःच चमकतो. पलीकडचं कसं दिसणार? आपला चिक आतून काळा होता.” अगदी बरोबर. फिकट जाळीवर ऊन पडलं की तीच उजळते आणि डोळ्यांना खुपते. गडद जाळीतून बाहेरचं स्वच्छ दिसतं आणि तिरीपही कमी होते. काचेकडची बाजू फिकट असेल तर थोडी उष्णता परत फिरते, म्हणून बाहेरून फिकट आणि आतून गडद राखाडी असं दुपाखी कापड घेतलं. उष्णतेचं खरं काम बाहेरून लावलेला चिकच करतो, कारण तो उन्हाला काचेआधी अडवतो. आतला पडदा काचेतून आत आलेल्या उन्हाशी झगडत असतो. पण आमच्या सोसायटीत बाहेरून काही टांगायला बंदी आहे. असो.

रात्रीसाठी सुती पडदा. आयलेट, म्हणजे कड्यांचा पडदा, इथे चालत नाही. कोपऱ्यात दांड्याला आधाराचा ब्रॅकेट लागतो आणि कडी तिथे अडकून बसते. त्यामुळे बीमच्या पोटाला वाकवता येणारा अॅल्युमिनियमचा ट्रॅक, त्यात रनर, आणि चुण्यांचा पडदा. अब्बांचं मिरजेत शिवणकामाचं दुकान होतं. पडद्याला कापड दुप्पट घ्यायचं, नाहीतर तो वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो, हे त्यांच्याकडून ऐकलेलं. आमचा ट्रॅक भरला ८५ इंच. दुप्पट १७०. कापडाचा पन्हा ४८ इंची, म्हणजे चार पन्हे. उंची कट्ट्यापर्यंतच, दुमडीसकट ६८ इंच. एकूण सात मीटरच्या आसपास. मोठी नक्षी असेल तर ती जुळवण्यात आणखी कापड जातं, म्हणून आम्ही साधी बारीक रेघ घेतली. सुती कापड आटतं, तेव्हा शिवण्याआधी एकदा भिजवून वाळवलं.

पडदा दोन भागांत करून दोन्हीकडे सारायचा हा रिवाज इथे सोडावा लागला. उजवी बाजू जेमतेम सव्वा फुटाची. तिथे कापडाचा ढीग गोळा झाला तर ती काच कायमची गेली. मग एकच सलग पडदा केला, जो पूर्णपणे डावीकडे भिंतीशी जाऊन बसतो. टेलरभाई म्हणाले, “भाभी, एका अंगाचा पडदा लंगडा दिसेल.” खिडकीच लंगडी आहे हो, म्हटलं. बसवल्यावर तेच खाली जाऊन वर बघत उभे राहिले आणि चांगला दिसतो म्हणाले.

घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट अगदी विसरू नका. रोलर ब्लाइंडची साखळी गोल वेढ्याची असते आणि या खिडकीत मुलाला चढायला कट्टा आयताच मिळतो. तो वेढा गळ्यात अडकून मुलं दगावलेली आहेत. साखळी ताणून भिंतीला क्लिपने पक्की करायची, लोंबकळती ठेवायची नाही. आमचा नातू अडीच वर्षांचा आहे. त्या तीन क्लिपा बसेपर्यंत मी त्याला कट्ट्याजवळ जाऊ दिलं नाही.

मरून पडदे आता बेडरूममध्ये आहेत, तिथे ते शोभतात. न बसलेले व्हर्टिकल ब्लाइंड माळ्यावर. दुपारी जाळी खाली असते, अम्मी कट्ट्यावर बसून रस्ता बघते आणि आमच्याशी बोलते. कुणाच्या स्कूटरवर कोण बसलं, भाजीवाला कुणाला उधार देतो, सगळं तिला ठाऊक झालं आहे. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती हाताने पडदा ओढून घेते. आधी पडदा, मग दिवा, हा क्रम ती कधी चुकवत नाही.

काटकोनातल्या कोपऱ्यात दोन ब्लाइंडच्या मध्ये पाऊण इंचाची फट राहिली आहे. रोलरचं कापड नळीपेक्षा थोडं अरुंदच असतं, त्यामुळे कोपऱ्यात ती राहतेच. तिथून उन्हाची एक रेघ आत येते आणि फरशीवर सरकत राहते. मी तिथे लाकडी पट्टी मारून घेणार होते. अम्मी म्हणाली, “राहू दे. ती टीपॉयच्या पायाला लागली की चहा टाकायचा.”