चार ओळींचा गुणाकार

लिनक्स कर्नलचा सोर्स कोड आता सुमारे ४ कोटी ओळींचा आहे. त्यातल्या चारच ओळी घेऊ. दुहेरी लिंक्ड लिस्टमध्ये नवा घटक घालण्याच्या या ओळी. हात धरून उभ्या राहिलेल्या माणसांसारखा प्रत्येक घटक मागच्याचा आणि पुढच्याचा पत्ता धरून असतो. मध्ये नवा आला की चार हात नव्याने धरायचे, म्हणजे चार पॉइंटर लिहायचे. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे सुरुवातीलाच शिकवतात.

आता या चार ओळी लॉक न घेता, म्हणजे इतरांना थांबवून न ठेवता, प्रोसेसरचे दोन कोअर एकाच वेळी चालवू लागले असं समजा. त्यांची पावलं एकमेकांत ७० प्रकारे मिसळू शकतात. तीन कोअर असतील तर ३४,६५० प्रकारे. चार असतील तर ६,३०,६३,००० प्रकारे. सेकंदाला एक प्रकार तपासला, रात्रंदिवस, तरी दोन वर्षं लागतील. आठ कोअरसाठी उत्तर येतं ते २४ आणि त्यापुढे २३ शून्यं. आणि आठ कोअर आज खिशातल्या फोनमध्येही असतात. शिवाय हा हिशोब प्रत्येक कोअर आपल्या ओळी क्रमानेच पार पाडतो असं धरून केलेला; प्रत्यक्षात कंपायलर तो क्रम बदलू शकतो आणि एआरएम प्रोसेसरही बदलू शकतो.

म्हणून लिहिणाऱ्याला लॉक घ्यावं लागतं. पण कर्नलमध्ये आरसीयू नावाची पद्धत आहे, तिच्यात वाचणारा लॉक घेतच नाही. तिथे सगळी भिस्त क्रमावर. आधी नव्या घटकाचे स्वतःचे दोन पॉइंटर भरायचे, मगच मागच्या घटकाला त्याचा पत्ता द्यायचा. दोन ओळींची अदलाबदल झाली की वाचणारा अर्धवट भरलेल्या घटकात शिरतो. असा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, तपासायला बसलेला माणूस टेस्ट चालवून निश्चिंत होऊ शकत नाही. समजा, ही चूक १०० कोटींत एकदाच उघडी पडते आणि ती ओळ प्रत्येक फोनवर दिवसातून एकदाच चालते. गूगलने २०२१ मध्येच ३०० कोटी सक्रिय अँड्रॉइड उपकरणांचा आकडा दिला होता, आणि अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. म्हणजे रोज सरासरी तीन फोन बिघडणार, आणि टेबलावरच्या मशीनवर ती चूक बहुधा कधीच दिसणार नाही.

जागेचा हिशोबही असाच वाढतो. कर्नल मेमरी ४,०९६ बाइटच्या पानांत वाटतो आणि दर पानामागे साधारण ६४ बाइटची नोंद ठेवतो. १ टेराबाइट मेमरीच्या सर्व्हरवर अशी २६,८४,३५,४५६ पानं. नुसत्या नोंदीच १६ गिगाबाइट. कुणी त्या नोंदीत ८ बाइटचं एक फील्ड वाढवायचा पॅच आणला, तर त्याची किंमत एका मशीनवर २ गिगाबाइट. अशीच बचत रेड-ब्लॅक ट्रीमध्ये, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवणाऱ्या गाठींच्या रचनेत, दिसते: तिथे गाठीचा रंग ठेवायला वेगळी जागाच दिलेली नाही. गाठींचे पत्ते ८ च्या पटीत असतात, त्यामुळे पत्त्याचे शेवटचे तीन बिट शून्यच राहतात. त्यातल्या एकात रंग बसवला आणि गाठ २४ बाइटांत मावली. ही काटकसर मला अतिशय देखणी वाटते. पण पत्ता वापरण्याआधी तो बिट पुसायचा राहिला की पॉइंटर चुकीच्या जागी जातो, हेही तपासणाऱ्यानेच बघायचं.

तरी चुका सुटतातच. प्रोसेसच्या मेमरीतल्या पट्ट्यांची यादी वर्षानुवर्षं रेड-ब्लॅक ट्रीमध्ये असायची. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ आवृत्तीत तिची जागा मेपल ट्रीने घेतली. २५६ बाइटच्या एका गाठीत १६ पर्यंत नोंदी, म्हणून ट्री बुटका आणि कॅशमधल्या खेपा कमी. हा बदल अनुभवी लोकांनी लिहिला आणि तपासलाही होता. पुढच्या जूनमध्ये स्टॅकरॉट नावाची चूक कळवली गेली: प्रोसेसचा स्टॅक वाढताना नुसत्या वाचनाच्या लॉकखाली ट्रीची गाठ बदलली जात होती, आणि दुसरा कोअर मोकळी केलेली जुनी गाठ वाचू शकत होता. तेवढ्या फटीतून कर्नलचा ताबा घेता येत होता. लॉकचा नियमच बदलावा लागला. ती दुरुस्ती लिनस टोरवाल्ड्स यांच्या पुढाकाराने झाली.

कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त बदल असतात, म्हणजे ताशी सहा-सातच्या पुढे. या ओघात चार ओळींपाशी थांबणाऱ्या माणसाची कदर व्हायला हवी. कर्नलची पॅच तपासणारी स्क्रिप्टसुद्धा, क्रम राखायला लावणाऱ्या मेमरी बॅरिअरशेजारी कॉमेंट नसेल तर इशारा देते. हा बॅरिअर कोणत्या दुसऱ्या ओळीशी जोडलेला आहे, हे त्या कॉमेंटमध्ये लिहायचं असतं. रिव्ह्यू करणारा ती दुसरी ओळ उघडून तिथला क्रम ताडून बघतो.