कॅसेटमधली माणसे जपताना

येडशीच्या आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात आईने ताईच्या लग्नातली पांढरी साडी, घरपट्टीच्या पावत्या आणि एक व्हिडिओ कॅसेट जपून ठेवली आहे. कॅसेट तीन तासांची. पहिल्या दोन तासांत मे १९९३ मधला ताईचा मंगल परिणय आहे. शेवटी १४ एप्रिल १९९४ ची जयंतीची मिरवणूक आहे. त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले होते. त्या आनंदात वडिलांनी उरलेली रिकामी टेप शूटिंगवाल्याच्या हाती दिली होती.

या दोन प्रसंगांच्या मधे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट येते. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे मातीला मिळाली. आमची आत्या सास्तूरला दिलेली होती. ती त्या पहाटे गेली. तिचे जे एक-दोन फोटो होते ते तिच्याच घराच्या दगडमातीत गेले. ताईच्या लग्नात जयमंगल अष्टगाथा संपते, सगळे फुले उधळतात, त्या गर्दीत आत्या आहे. ओंजळ वर करते, हसते, शेजारणीकडे वळून काहीतरी बोलते. सारी मिळून अकरा सेकंद. आत्याची तेवढीच हलती-बोलती आठवण आमच्याकडे आहे.

आणि ती आठवण आम्ही एकदा जवळजवळ घालवली होती. ती चूक सांगण्यासाठीच हा लेख. कारण अशा कॅसेटी अनेकांच्या घरी आहेत आणि त्या डिजिटल करून घेण्याची वेळ आता फार थोडी उरली आहे. व्हीसीआर तयार करणाऱ्या जगातल्या शेवटच्या कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. टेपवरचा चुंबकी लेप उष्णतेने आणि दमटपणाने उतरत जातो, बुरशी धरतो.

आमची चूक कोठे झाली?

घरात डीव्हीडी प्लेअर आला तेव्हा आम्ही ही कॅसेट आणि चुलत्यांकडची दुसरी एक, अशा दोन्ही एका दुकानात दिल्या. दुकानदार म्हणाला, दोन्ही एकाच डीव्हीडीत बसवून देतो, निम्म्यात काम होईल. आम्हाला बरे वाटले. कॅसेट घरी परत आणली ती केवळ आईच्या हट्टामुळे. दुकानदाराने तर विचारले होते, "ही आता कशाला, टाकून देऊ का?"

संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसलो. बौद्धाचार्य त्रिशरण पंचशील देत होते तेथे चित्र ठीक होते. पाहुण्यांची भाषणेही ठीक होती. मग फुले उधळली गेली आणि पडद्यावर नुसते चौकोन नाचू लागले. आत्याच्या चेहऱ्याच्या जागी फरशीचे तुकडे जोडावेत तसे पाच-सहा ठिपके. पुढे मिरवणुकीत निळीचा धुरळा उडाला तेथेही तेच. सुरुवातीला बार्शीहून वऱ्हाड घेऊन आलेली ती छोटी रेल्वेगाडी येडशी स्टेशनातून सुटते. आमच्या लहानपणीची ती गाडी, मार्ग रुंद झाल्यापासून कायमची बंद झालेली. तीही सुरळीत जाईना, अडखळत, उड्या मारत जाई.

आई उठून आत गेली. आम्हाला वाटले, टेपच खराब झाली. खरे कारण पुष्कळ वर्षांनी कळले. टेप चांगली होती. रूपांतर करताना दोन आकडे चुकीचे निवडले होते. एक बिट रेट, दुसरा फ्रेम रेट.

फ्रेम रेट म्हणजे काय?

शाळेत वहीच्या कोपऱ्यावर प्रत्येक पानावर माणसाचे चित्र काढून पाने भरभर सोडली की माणूस पळताना दिसतो. व्हिडिओचे तंत्र तेच. एका सेकंदात किती चित्रे दाखवायची, तो फ्रेम रेट. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. भारतातला टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणून आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेटी सेकंदाला २५ चित्रांच्या आहेत. अमेरिका आणि जपानमध्ये हा आकडा जवळपास ३० आहे.

संगणकातल्या पुष्कळ प्रोग्रॅममध्ये ३० हा आकडा आधीच भरलेला असतो. तो तसाच राहिला तर संगणकाला दर सेकंदाला पाच चित्रे जास्तीची दाखवावी लागतात. ती तो आणणार कोठून? दर पाचव्या चित्राची नक्कल करतो. म्हणून चालणारा माणूस सेकंदाला पाच वेळा किंचित थबकतो. उलट जागा वाचवायला कोणी १५ हा आकडा टाकला तर दहा चित्रे फेकून दिली जातात आणि आमच्या रेल्वेगाडीसारखी गत होते. तेव्हा नियम सोपा आहे. टेप २५ ची आहे, तर फाइलही २५ चीच ठेवावी.

यात एक बारकावा आहे. कॅसेटवरचे प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांचे असते. एका भागात विषम ओळी, दुसऱ्यात सम. हे भाग सेकंदाला ५० वेळा एकामागून एक येतात. जुन्या टीव्हीवर ते कळत नसे. संगणकावर किंवा मोबाइलवर मात्र हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या काढण्याच्या क्रियेला 'डीइंटरलेस' म्हणतात. ती करताना अर्ध्या भागांपासून पूर्ण ५० चित्रेही बनवता येतात. लेझीम, नाच, मिरवणूक असेल तर ५० ची प्रत फार सफाईदार दिसते. २५ किंवा ५०, दोन्ही टेपशी प्रामाणिक आहेत. २४, ३० आणि ६० नकोत.

बिट रेट म्हणजे काय?

आता चौकोनांचे कारण पाहू. एका सेकंदाचे चित्र लिहून ठेवायला संगणकाला किती माहिती खर्च करू द्यायची, तो बिट रेट. हे घरखर्चासारखे आहे. रोजचे पीठ ठरलेले आहे. घरचीच माणसे असली तर भागते. पन्नास पाहुणे आले आणि पीठ तेवढेच राहिले, तर प्रत्येकाच्या ताटात तुकडाच पडणार.

माइकपुढे उभा वक्ता म्हणजे घरची माणसे. मागची भिंत हलत नाही, फक्त ओठ आणि हात हलतात. संगणक मागच्या चित्रातलेच पुष्कळसे पुन्हा वापरतो, थोड्या माहितीत काम होते. फुलांचा वर्षाव, निळीचा धुरळा, मेणबत्त्यांच्या ज्योती, नाचणारा जमाव म्हणजे पन्नास पाहुणे. दर क्षणी सगळे चित्र बदलते. माहिती पुरली नाही की बारीक तपशील सोडून चौकोन मांडले जातात. म्हणजे आपल्या कॅसेटमध्ये जेथे सगळ्यात जास्त माणसे आणि आनंद आहे, नेमके तेच आधी बिघडते.

हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. एक मेगाबिटचा बिट रेट म्हणजे एका तासाला ४५० एमबी जागा. साध्या डीव्हीडीत ४७०० एमबी मावतात. आमच्या दोन कॅसेटींचे सहा तास त्यात कोंबले, म्हणजे सेकंदाला पावणेदोन मेगाबिटही वाट्याला आले नाहीत, आणि त्यातच आवाज. डीव्हीडीच्या पद्धतीला हे फारच थोडे. एकाच तासाची टेप असती तर नऊ मेगाबिटपर्यंत देता आले असते. त्याआधीच्या व्हीसीडीची गत याहून वाईट होती. तिचा बिट रेट जेमतेम १.१५ मेगाबिट आणि चित्रही पाव आकाराचे. ज्यांनी त्या काळी सीडी करून घेतल्या, त्यांनी त्या प्रतीवर विसंबू नये. कॅसेट शिल्लक असेल तर तिच्यावरूनच पुन्हा रूपांतर करावे.

कोणते आकडे निवडावेत?

पहिली प्रत मोठीच करावी, ती मूळ प्रत. डीव्ही नावाच्या जुन्या डिजिटल पद्धतीत ती तासाला सुमारे १३ जीबी होते, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला ४० जीबी. एवढी जागा नसेल तर आजच्या एच.२६४ पद्धतीत १० मेगाबिट ठेवावे. तासाला साडेचार जीबी, तीन तासांना साडेतेरा. यापेक्षा काटकसर मूळ प्रतीत करू नये.

टीव्हीवर पाहण्याची प्रत त्याच पद्धतीत ४ ते ५ मेगाबिटची पुरते. मोबाइलसाठी दीड मेगाबिट चालेल. या लहान प्रती मूळ प्रतीवरून केव्हाही करता येतात. लहान प्रतीवरून मोठी मात्र कधीच होत नाही.

हँडब्रेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घरच्या संगणकावर चालतो. त्यात बिट रेटऐवजी दर्जाचा आकडा देण्याची सोय आहे. तो १८ च्या आसपास ठेवला तर संगणक भाषणाला कमी आणि मिरवणुकीला जास्त माहिती आपणच वाटून देतो. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, हे ध्यानात ठेवावे.

आवाजात काटकसर करू नये. १९२ किलोबिटच्या आवाजाला तासाला ९० एमबीसुद्धा लागत नाहीत. वडीलधाऱ्यांचा बोलण्याचा हेल, बायकांनी म्हटलेली भीमगीते एवढ्याशा जागेसाठी घोगरी का करायची?

चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आणि चौकट चारास तीन अशीच राहू द्यावी. नव्या रुंद टीव्हीवर भरण्यासाठी चित्र ताणले की सगळे पाहुणे जाडजूड दिसतात. एचडी करून देतो, असे कोणी म्हटले तर त्याने नवा तपशील येत नाही, फक्त फाइल फुगते.

काम दुकानात द्यायचे असेल तर चार गोष्टी आधी विचारा. एका फाइलमध्ये किती तास घालणार? बिट रेट किती? फ्रेम रेट २५ की ५०? मूळ मोठी फाइल आम्हाला पेन ड्राइव्हवर देणार का? जो नीट उत्तर देईल त्यालाच काम द्या. आधी पाच मिनिटांचा नमुना मागा, आणि तो भाषणाचा नको, नाचाचा मागा. आणि कॅसेट परत आणल्याशिवाय राहू नका. व्हीसीआरमध्ये घालण्यापूर्वी खिडकीतून टेप पाहा. पांढरी बुरशी दिसली तर घालू नका. एक टेप बुरशीची असली तर ती यंत्रालाही आणि पुढच्या टेपलाही बाधते.

आपल्या माणसांची नोंद आपणच ठेवायची

येडशीजवळच्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. त्या दिवसांच्या आठवणी आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी तोंडी सांगत पुढे आणल्या. ती पिढी आता जवळजवळ सरली. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले. आपल्यासाठी हे दुसरा कोणी करील म्हणून ते थांबले नाहीत. म्हणून तो जनसागर आज आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो.

ताईच्या लग्नाच्या कॅसेटीची तुलना मी त्या चित्रीकरणाशी करत नाही. पण भूकंपात गेलेली एक कष्टकरी बाई, नामांतरानंतरच्या पहिल्या जयंतीला निघालेली येडशीची मिरवणूक, यांची नोंद कोणत्या ग्रंथात सापडणार? ती आपल्या ट्रंकेतच आहे.

गेल्या वर्षी भाच्याने जुना व्हीसीआर मिळवला आणि कॅसेट पुन्हा उतरवली. मूळ प्रत मोठी, फ्रेम रेट २५, पाहण्याची प्रत ५० ची. छोटी रेल्वेगाडी येडशी स्टेशनातून सुरळीत सुटली. फुले फुलांसारखी पडली. आत्या दिसली. चेहरा थोडा धूसर आहे, कारण व्हीएचएसमध्ये मुळातच तपशील कमी असतो आणि कोणताही बिट रेट टेपवर नसलेले आणून देत नाही. भाचा म्हणाला, आता एआयने चेहरा लख्ख करता येतो. करूनही दाखवला. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई छान आहे रे, पण ही आपली वन्सं नव्हे." यंत्राने दुसऱ्याच कोणाचे डोळे तिला लावले होते. ती फाइल आम्ही पुसून टाकली. ज्यांना हौस असेल त्यांनी तशी प्रत जरूर करावी, पण तिच्यावर तसे लिहावे आणि मूळ प्रतीला हात लावू नये.

आता मूळ प्रत तीन घरांत आहे. येडशीला, ताईकडे बार्शीला आणि पुण्यात भाच्याकडे. दर वर्षी जयंतीच्या आधी तिन्ही ठिकाणी ती चालते की नाही हे पाहायचे, असे ठरवले आहे. सोबत एक वही केली. कोणत्या मिनिटाला कोण दिसते, नाव, गाव, नाते. आईने सांगितले, भाच्याने लिहिले. दोन दुपारी गेल्या. ही वही नसेल तर पन्नास वर्षांनी चित्र स्वच्छ राहील आणि माणसे अनोळखी होतील.

एकट्या कुटुंबाला हे जड जात असेल तर विहारात मिळून करावे. एक व्हीसीआर, एक संगणक, दोन जाणती मुले आणि रविवारची दुपार, एवढ्यात वस्तीतल्या कॅसेटी एकेक करून उतरतील. महिला मंडळाने नावांची वही धरावी. ट्रंक उघडा, कॅसेट बाहेर काढा. सांगणारी माणसे घरात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.

जयभीम!