पोटदुखी सुटीत का थांबते?

सोमवारची सकाळ हा फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात गर्दीचा वार. रविवारच्या जेवणाने बिघडलेली पोटे, अंगावर काढलेले ताप, रक्तदाब पाहून घ्यायला आलेले आजोबा. आणि या गर्दीत शाळेच्या गणवेशातली दोन-तीन मुले हमखास असतात. दप्तर पाठीवर, हात पोटावर, आणि घड्याळाकडे पाहणारी आई शेजारी.

असाच एक सातवीतला मुलगा वर्षभर माझ्याकडे येत होता. त्याला आपण निखिल म्हणू. घाटकोपरला आमची तीन पिढ्यांची ओळख. त्याच्या वडिलांना लहानपणी मीच गोवराच्या तापात पाहिले होते, असे म्हणण्याइतका मी म्हातारा नाही, पण निखिलची पहिली लस मीच टोचलेली. दर काही दिवसांनी बेंबीभोवती दुखायचे, मळमळायचे. मी जंताचे औषध दिले. आम्लपित्ताचे दिले. शौच-लघवी तपासली. शेवटी सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये आतड्याजवळच्या लसिकाग्रंथी किंचित वाढल्याचा उल्लेख होता. या वयात असा उल्लेख बऱ्याच रिपोर्टांत असतो, त्याने बहुधा काही बिघडत नाही. पण 'गाठी' हा शब्द ऐकून आईच्या तोंडचे पाणी पळाले.

एप्रिलअखेरीस त्याची आई पोहण्याच्या वर्गासाठी माझा दाखला घ्यायला आली. सही करता करता मी सहज विचारले, "वहिनी, पोट दुखतं का हो अजून?"

"नाही डॉक्टर. परीक्षा संपल्यापासून एकदाही नाही."

पेन हातातच राहिले. मी त्याचा केसपेपर काढून तारखा पाहिल्या. वर्षभरातल्या अकरा भेटींपैकी आठ सोमवारच्या किंवा सुटीनंतरच्या पहिल्या दिवसाच्या. दिवाळीच्या सुटीत एकही नाही. ही गोष्ट वर्षभर माझ्याच अक्षरात, माझ्याच टेबलावर लिहिलेली होती. मी पोट तपासत राहिलो, तारखा वाचल्या नाहीत. चूक माझी होती, आणि ती इथे कबूल करतो, कारण अशी चूक घरोघरीही होत असते.

दुखणे खरे असते

'शाळा बुडवायची नाटकं' हे आपले ठरलेले निदान. पण ते बहुतेक वेळा चुकीचे असते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि मेंदूशी त्याचे सतत दळणवळण चालू असते. मुलाला भीती वाटली की आतड्याची हालचाल बदलते आणि एरवी न जाणवणारी हालचालही दुखू लागते. परीक्षेच्या दिवशी आपल्यालाही शौचाला दोनदा जावे लागते, ते याच कारणाने. दुखणे पोटातच असते. कारण मात्र दुसरीकडे असते.

जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी ब्रिस्टलमध्ये १००० शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ मध्ये ती प्रसिद्ध केली. साधारण दर दहा मुलांत एकाला असे वारंवार पोट दुखण्याचा त्रास होता, आणि त्यांतल्या फार थोड्या मुलांच्या पोटात प्रत्यक्ष रोग सापडला. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितका रोग असण्याचा संशय अधिक, हा त्यांचा नियम आजही आम्हाला शिकवला जातो.

अर्थात आधी रोग नाही याची खात्री करायलाच हवी. मूल रात्री झोपेतून पोटदुखीने उठत असेल, वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल, हिरवी उलटी होत असेल, सोबत ताप असेल किंवा दुखणे उजव्या कुशीत एकाच जागी असेल, तर मनाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

केबिनमध्ये दहा मिनिटे

मी निखिलला एकट्याला बोलावले. "शाळेतला कुठला तास नकोसा वाटतो रे?"

तो बराच वेळ चपलेकडे पाहत होता. मग म्हणाला, "मराठीचा. उभं राहून धडा वाचायला सांगतात."

मी बाहेरच्या बाकावरचे वर्तमानपत्र त्याच्यापुढे ठेवले. सातवीतला मुलगा जोडाक्षरांवर अडखळत होता, ओळ सोडून खालच्या ओळीवर जात होता, पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने म्हणत होता. त्याच मुलाला मी विचारले, की लोकल गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर कशी जाते. त्याने माझ्या टेबलावरच्या दोन पेन्सिली मांडून मला ते असे समजावले की मलाही प्रथमच नीट कळले. हा मुलगा मठ्ठ नव्हता.

संध्याकाळी आई-वडील दोघे आले. समुपदेशकाकडे जा म्हटल्यावर वडील उठून उभे राहिले. "डॉक्टर, माझ्या मुलाला वेड लागलेलं नाही. आळशी आहे तो. दोन दिल्या की वाचेल." दोन त्यांनी याआधी दिल्या होत्या, हे निखिलच्या आईच्या चेहऱ्यावरून मला कळले.

गंमत म्हणजे त्याच्या शाळेत समुपदेशक आठवड्यातून एक दिवस येत होत्या. ना आई-वडिलांना ते ठाऊक होते, ना मला.

समुपदेशक काय करतात?

समुपदेशन ही आपल्याकडे कालपरवा आलेली परदेशी फॅशन नाही. भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र १९३७ साली मुंबईतच निघाले, आजची टाटा समाजविज्ञान संस्था ज्या संस्थेतून वाढली तिच्या वतीने. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. मुलुंडकरांना ती एका स्टेशनावर आहे.

शाळेतला समुपदेशक औषध देत नाही आणि कुणाला 'वेडा' ठरवत नाही. तो मुलाचे ऐकतो, शिक्षकांशी बोलतो, आई-वडिलांना बोलावतो आणि गरज पडली तर पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवतो. बुद्धीच्या व अभ्यासकौशल्याच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ घेतात. औषधाची गरज आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. मुलाने विश्वासाने सांगितलेले समुपदेशक घरी जसेच्या तसे सांगत नाहीत. जिवाला धोका किंवा कुणाकडून अत्याचार असेल तर मात्र सांगतात. पालकांनी 'काय म्हणाला तो?' अशी उलटतपासणी करू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत आहे. म्हणून जूनमध्ये शाळेच्या पालकसभेत गणवेश आणि बस यांच्याबरोबर हे प्रश्नही विचारा:

१. समुपदेशक कोण आहेत, त्यांचे शिक्षण काय, कोणत्या वारी येतात?
२. मूल स्वतःहून त्यांना भेटू शकते का, की बाईंनी पाठवावे लागते?
३. बोलण्यासाठी वेगळी खोली आहे का, की स्टाफरूमच्या कोपऱ्यात बोलावे लागते?
४. पुढच्या तपासणीसाठी शाळा मुलांना कुठे पाठवते?

सहावी-सातवीच का?

निखिलच्या चाचण्या महापालिकेच्या रुग्णालयात झाल्या. पाच-सहा खेपा झाल्या, पण सुटी असल्याने शाळा बुडली नाही. निदान निघाले अध्ययन-अक्षमतेचे, म्हणजे डिसलेक्सिया. बुद्धी चांगली, डोळे-कान ठीक, पण अक्षर आणि उच्चार यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. पाचवीपर्यंत अशी मुले ऐकून, पाठ करून निभावून नेतात. सहावी-सातवीत धडे लांबतात, सेमी-इंग्रजीत विज्ञान-गणित इंग्रजीतून येते आणि झाकलेली मूठ उघडते. आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात बसणे, हा नियम महाराष्ट्रात आता पुन्हा आहे. म्हणून सातवीची सुटी वाया घालवू नये.

या मुलांना परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ मध्येच पुढाकार घेतला. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणे अशा सोयी अधिकृत प्रमाणपत्रावर मिळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. उपनगरातील पालकांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, नायरमध्ये किंवा के. ई. एम.मध्ये चौकशी करावी. हे काम दहावीच्या जानेवारीत करायचे नसते. रांग मोठी असते.

सर्वच पोटदुखीमागे डिसलेक्सिया नसतो. कुठे वर्गातली दादागिरी असते, कुठे घरातली भांडणे, कुठे चष्म्याचा वाढलेला नंबर. मुलींना याच वयात पाळी सुरू होते आणि शाळेतले स्वच्छतागृह नीट नसले की त्या दिवशी शाळा नकोशी वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांश चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. या वयात मुलाकडे लक्ष देणे म्हणजे लाड करणे नव्हे.

सुटी कशी घालवावी?

मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण सहा आठवडे हाती येतात. निखिलच्या आईने त्यांत हस्ताक्षराचा वर्ग, वैदिक गणित, इंग्रजी संभाषण आणि आठवीची आगाऊ शिकवणी असे वेळापत्रक आखले होते. मी त्यातले फक्त पोहणे ठेवायला सांगितले. जे येत नाही तेच सहा आठवडे गिरवायला लावले, तर सुटीतही पोट दुखू लागेल.

उपनगरात पैसे थोडे असले तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. अंधेरीत महापालिकेचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आणि मुलुंडला प्रियदर्शिनी क्रीडा संकुल आहे. पार्ल्यात १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ, गोरेगावात १९७२ पासूनची प्रबोधन, मुलुंडात महाराष्ट्र सेवा संघ. यांच्याकडे ग्रंथालयाची, मुलांच्या उपक्रमांची चौकशी करावी. बोरिवलीकरांच्या तर दारातच राष्ट्रीय उद्यान आहे. सकाळी लवकर निघून कान्हेरीची लेणी चढून या. सोमवारी उद्यान बंद असते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र गोरेगावच्या चित्रनगरीजवळ आहे. विज्ञानाची ओढ असलेल्या मुलांसाठी चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आणि वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. शिबिरांच्या जागा लवकर भरतात, म्हणून चौकशी मार्चमध्येच करावी.

आणि गाव असेल तर गावी पाठवा. आजीबरोबर आंबे उतरवणे, विहिरीवर जाणे, चुलतभावंडांशी भांडून पुन्हा एकत्र जेवणे, याची फी कुठल्याही शिबिराला परवडणारी नाही.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगतो:

१. दिवसातून किमान एक तास घाम येईल असा खेळ. अकरा ते चारचे ऊन टाळावे, पाणी बरोबर ठेवावे.
२. बारा वर्षांपर्यंत ९ ते १२ तास आणि त्यापुढे ८ ते १० तास झोप. मोबाईल रात्री आई-वडिलांच्या खोलीत; आणि त्यांनीही तो बाजूला ठेवावा.
३. सुटीत डोळे, दात आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. दहाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस राहिली असेल तर घ्यावी.
४. शिबिर निवडताना शिक्षक कोण, मुले किती, स्वच्छतागृह कसे, हे स्वतः जाऊन पाहावे.

मूल एकाएकी गप्प झाले, आवडता खेळ सोडला, 'मी नसलो तर बरं होईल' असे बोलले किंवा अंगावर जखमा करून घेतल्या, तर सुटी संपण्याची वाट पाहू नये. मुलाला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असू द्या.

निखिलचे वडील तिसऱ्या भेटीपासून समुपदेशकांकडे येऊ लागले. एके दिवशी तेच मला म्हणाले, "डॉक्टर, मलाही शाळेत वाचता यायचं नाही. मी मार खाऊन आठवीत शाळा सोडली. मला वाटलं, तो माझ्यासारखाच आळशी निघाला." पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरलाही अशा वेळी काय बोलावे ते सुचत नाही.

निखिल आता नववीत आहे. वाचन अजून सावकाशच आहे. परीक्षेत जादा वेळ मिळतो. मराठीच्या बाई त्याला धडा आदल्या दिवशी सांगून ठेवतात. कधी सोमवारी पोट दुखते, पण दुखत असतानाही तो शाळेत जातो.

येत्या सोमवारी तुमच्या मुलाने पोटावर हात ठेवला, तर औषधाच्या बाटलीआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. दुखल्याच्या दिवसांवर खूण करा आणि महिन्याभराने ते कॅलेंडर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. निम्मे निदान तिथेच होईल.