‘चिडका आहे’ म्हणण्याआधी

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याच्या चोपडा, धरणगाव, शिरपूर, शिंदखेडा या पट्ट्यात कापूस घरात येतो. भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी तो पुढच्या खोलीतच भरून ठेवतात. लेकरंही तिथंच झोपतात. ज्या मुलाला मुळातच बाळदमा किंवा त्वचेची ॲलर्जी आहे, त्याची रात्र मग खाजवण्यात आणि शिंकण्यात जाते. सकाळी त्याच्या कोपराच्या आतल्या घडीवर नखांचे ओरखडे दिसतात, डोळ्यांखाली काळसर झाक असते. वर्गात मात्र शेरा ठरलेला: लक्ष नाही, चुळबुळ करतो, लगेच अंगावर येतो.

हा स्वभावाचा दोष नाही. झोपमोड झालेलं मूल मोठ्या माणसासारखं नुसतं पेंगत नाही, ते किरकिरं आणि उतावीळही होतं.

औषधांचाही यात वाटा असतो. सर्दीच्या अनेक औषधांत असणाऱ्या क्लोरफेनिरामाइनने गुंगी येते आणि मूल वर्गात मंद भासतं. दमा आणि ॲलर्जीच्या सर्दीवर सर्रास दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टबाबत तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा दिला. काही रुग्णांमध्ये वाईट स्वप्नं, आक्रमकपणा, उदासी, अगदी आत्महत्येचे विचारही दिसले होते. असं सगळ्यांना होत नाही. म्हणून औषध परस्पर बंद करू नये, पण वागण्यातला बदल डॉक्टरांच्या कानावर लगेच घालावा.

खाण्याचं दुखणं आणखी वेगळं. केळीसाठी देशभर नाव असलेल्या जळगाव जिल्ह्यातही खोकला झाला की केळं बंद, दही बंद, शेंगदाणे बंद. तपासणी न करता लादलेल्या अशा पथ्याने मूल पंगतीत एकटं पडतं. एखाद्या पदार्थानंतर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर तो पदार्थ थांबवून तातडीने दवाखाना गाठायलाच हवा. पण नुसत्या संशयावरून मुलाचं ताट रिकामं करू नये.

ज्यांना खरंच अन्नाचं वावडं आहे, त्यांना सोबत्यांचा जाचही सोसावा लागतो. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या डॉक्टरांनी अशा २५१ कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास एक तृतीयांश मुलांना ॲलर्जीवरूनच छळलं गेलं होतं. छळ सोसलेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या आईवडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. ज्यांच्या घरी हे ठाऊक होतं, ती मुलं तुलनेने सुखात होती.

धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक मराठीतही चालतो. शिक्षकांनी अशा मुलाच्या वहीत शेरा लिहिण्याआधी त्याच्या झोपेची आणि औषधाची चौकशी करावी. पालकांनी कापूस मुलाच्या झोपण्याच्या खोलीतून हलवावा. आणि शाळेत कुणी चिडवतं का, हे त्याला जवळ बसवून याच आठवड्यात विचारावं.