दोन इंजिने, दोन तसबिरी

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांना काही ना काही जमवण्याचा शौक असेल. कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. जगात असेही काही शौकीन लोक आहेत, जे आगगाडीच्या इंजिनांची छायाचित्रे काढतात आणि जमवतात. ते स्टेशनावर, पुलापाशी किंवा रुळांच्या कडेला कॅमेरा घेऊन तासन्‌तास गाडीची वाट पाहतात. चार रेल्वेप्रेमी एकत्र आले, की आपापली छायाचित्रे समोर मांडतात. मग त्यांच्यात एक जुना वाद रंगतो. वाफेच्या इंजिनाचे छायाचित्र चांगले, की डिझेल इंजिनाचे?

छायाचित्राला तुम्ही उर्दूत ‘तस्वीर’ म्हणता. हा शब्द मराठीतही आला आणि ‘तसबीर’ झाला. घराच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या चित्राला मराठी माणूस तसबीर म्हणतो. आज आपण इंजिनांच्या अशाच दोन तसबिरी शेजारी शेजारी ठेवून पाहू या. त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आपण विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात जाऊ.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. इथे कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतात. इंग्रजांच्या काळात हा कापूस मुंबईला आणि तेथून जहाजाने इंग्लंडमधील मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात असे. तो मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी यवतमाळपासून अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरपर्यंत एक छोटा रेल्वेमार्ग बांधण्यात आला. त्याची लांबी सुमारे ११३ किलोमीटर. त्याच्या दोन रुळांमधील अंतर फक्त अडीच फूट होते. आपल्या नेहमीच्या मोठ्या गाडीच्या रुळांमध्ये साडेपाच फूट अंतर असते. यावरून ही गाडी केवढी छोटी होती, याची तुम्हांला कल्पना येईल. दारव्हा, कारंजा अशी गावे घेत ती शेतांमधून हळूहळू जात असे. लोकांनी तिला प्रेमाने ‘शकुंतला’ हे नाव दिले.

या गाडीला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झाले होते. ज्या शहराला यवतमाळचा कापूस गेला, त्याच शहरातून हे इंजिन आले! १९२३ पासून ते या मार्गावर धावू लागले. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्याने गाडी ओढली. शेवटी १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली होती. तीही वाफेवरच चालली होती. म्हणजे शकुंतलेचे वाफेचे इंजिन थांबले, तेव्हा त्या घटनेला १४१ वर्षे होण्यास केवळ एक दिवस कमी होता.

आता अशी कल्पना करा, की शकुंतलेची दोन छायाचित्रे तुमच्या समोर आहेत. एक १९९४ च्या आधीचे, वाफेच्या इंजिनाचे. दुसरे त्यानंतरचे, डिझेल इंजिनाचे. स्टेशन तेच, रूळ तेच, डबेही तसेच. तुमचे लक्ष आधी कोठे जाईल? बहुतेकांचे लक्ष वाफेच्या इंजिनाकडे जाते. असे का होते, ते समजून घेऊ.

वाफेच्या इंजिनाचे सगळे काम उघड्यावर चालते. भट्टीत कोळसा जळतो. त्या उष्णतेने बॉयलरमधील पाण्याची वाफ होते. ती वाफ सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्याला पुढेमागे ढकलते. दट्ट्याला जोडलेले लोखंडी दांडे चाके फिरवतात. हे दांडे, चाके, गोल बॉयलर, धुरांडे, सगळे बाहेरून दिसते. चित्र पाहूनच यंत्र कसे चालते, याचा अंदाज येतो.

डिझेल इंजिनाचे तसे नाही. ‘डिझेल’ हे नाव मुळात एका माणसाचे आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले नव्या प्रकारचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. या इंजिनात तेल सिलिंडरच्या आतच जळते. पाणी उकळावे लागत नाही, भट्टीही लागत नाही. सगळी यंत्रे लोखंडी पत्र्याच्या आवरणाखाली झाकलेली असतात. त्यामुळे छायाचित्रात एक रंगवलेली मोठी पेटी तेवढी दिसते. आत काय चालले आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

दुसरा फरक धुराचा आणि वाफेचा. गाडी पळत असली, की इंजिनाचा धूर मागे वळतो. छायाचित्र स्थिर असते, तरी तो वळलेला धूर पाहून गाडी धावत आहे, असे मनाला वाटते. डिझेल इंजिनाचा धूर पुष्कळदा जाणवतही नाही. म्हणून गाडी धावत आहे की उभी आहे, हे नुसत्या चित्रावरून सांगणे कठीण जाते.

पण येथेच एक सावधगिरी हवी. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेत थंड होऊन तिचे बारीक थेंब बनतात, तेव्हा पांढरा ढग दिसतो. डिसेंबरच्या थंड सकाळी हा ढग दाट आणि मोठा होतो. मे महिन्याच्या दुपारी गरम, कोरड्या हवेत तो लगेच विरून जातो. म्हणजे तेच इंजिन थंडीत भव्य दिसते आणि उन्हाळ्यात साधे दिसते. म्हणून हिवाळ्यातील सकाळी काढलेले वाफेचे चित्र आणि भर दुपारी काढलेले डिझेलचे चित्र यांची तुलना केली, तर तो इन्साफ होणार नाही. जाणकार रेल्वेप्रेमी म्हणूनच जागा एक आहे का, ऋतू एक आहे का, प्रकाश एका बाजूने आला आहे का, हे आधी पाहतात. मगच मुकाबला बरोबरीचा होतो.

काळ्या धुराची गोष्ट तर आणखी मजेची आहे. आकाशात काळ्या धुराचा लोट सोडणारे इंजिन चित्रात फार रुबाबदार दिसते. पण काळा धूर याचा अर्थ कोळसा पुरता जळलेला नाही. म्हणजे इंधन वाया जात आहे. कुशल फायरमन धूर कमीत कमी निघेल, अशा बेताने कोळसा टाकत असे. ज्या चित्राला पाहणारे ‘वाहवा’ म्हणतात, त्याच धुरासाठी फायरमनला बोलणी खावी लागू शकत!

तिसरा फरक माणसांचा. वाफेच्या इंजिनाच्या पुढे लांब बॉयलर असतो. त्यामुळे समोरचा मार्ग पाहण्यासाठी ड्रायव्हरला बाजूने डोके बाहेर काढावे लागे. म्हणून जुन्या छायाचित्रांत अनेकदा डोक्याला रुमाल बांधलेला, काजळीने माखलेला चेहरा दिसतो. डिझेल इंजिनाचा ड्रायव्हर काचेच्या आत बसतो. त्याचा चेहरा चित्रात क्वचितच दिसतो.

असे पाहिले, तर वाफेचे इंजिन जिंकले असे वाटेल. पण थांबा. छायाचित्रात जे दिसते, त्याइतकेच जे दिसत नाही, तेही महत्त्वाचे असते.

छायाचित्रात उष्णता दिसत नाही. वैशाखात यवतमाळचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत पेटत्या भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा टाकत राहायचे, हे काम किती कष्टाचे असेल! इंजिन थंड असेल, तर वाफ तयार व्हायला कित्येक तास लागत. म्हणून गाडी निघण्याच्या खूप आधी माणसांना कामावर यावे लागे. वाटेत पाणी भरावे लागे. काम संपल्यावर राख काढावी लागे. एवढे करूनही कोळशातील शक्तीच्या शंभर हिश्श्यांपैकी दहा हिस्सेसुद्धा गाडी ओढण्याच्या कामी येत नसत. बाकीची शक्ती उष्णतेच्या रूपाने हवेत जाई. डिझेल इंजिन थोड्या वेळात सुरू होते, इंधनाचा कितीतरी चांगला उपयोग करते आणि भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाची त्या आगीतून सुटका करते. डिझेलचे चित्र कदाचित सुंदर दिसत नसेल. पण त्या काचेमागच्या माणसाला विचारले असते, तर त्याने कोणते इंजिन निवडले असते बरे?

मग वाफेच्या इंजिनाची चित्रे काढणाऱ्यांचे चुकले का? मुळीच नाही. जी गोष्ट कायमची जाणार आहे, तिची आठवण जपणे हे मोठे काम आहे. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेवरील वाफेची इंजिने आता जाणार, हे पाहून त्यांनी १९५५ ते १९६० या काळात त्यांची छायाचित्रे काढली. त्यांपैकी अनेक त्यांनी रात्री काढली. काळोखात एकाच वेळी अनेक दिवे क्षणभर चमकवून ते चित्र घेत. काळ्या आकाशावर पांढरी वाफ उठून दिसे. त्या चित्रांत केवळ इंजिने नाहीत, तर रुळांशेजारी राहणारी माणसे आणि त्यांची घरेही आहेत. म्हणून ती आजही आवडीने पाहिली जातात.

आपल्या देशातही असेच झाले. पश्चिम बंगालमधील चित्तरंजन येथील कारखान्यात १९७० साली मोठ्या रुळांसाठीचे शेवटचे वाफेचे इंजिन तयार झाले. त्याला नाव दिले ‘अंतिम सितारा’. उर्दू वाचणाऱ्या तुम्हांला या नावातील ‘सितारा’ वेगळा समजावून सांगायला नको. वाफेचा काळ मावळत आहे, हे त्या नावातच लिहिलेले होते. पुढच्या काळात जिथे जिथे वाफेची इंजिने उरली होती, तिथे तिथे शौकीन लोक कॅमेरे घेऊन पोहोचले. शकुंतलेचे इंजिनही त्यांपैकीच एक.

त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोळ घालावा लागे. एका मोठ्या रोळात साधारण ३६ छायाचित्रे निघत. रोळ विकत घ्यायचा, मग तो धुऊन घ्यायचा, मग चित्रे छापून घ्यायची. प्रत्येक चित्राला पैसे पडत. त्यामुळे माणूस विचार करूनच बटण दाबत असे. समोर वाफेचे इंजिन असेल, तर रोळ संपेपर्यंत चित्रे निघत. डिझेल इंजिन आले, की कॅमेरा पिशवीत जाई. ‘हे काय, उद्याही येणार आहे,’ असे मनात येई. रोजच्या गोष्टीचे छायाचित्र कोण काढतो?

पण ‘उद्याही येणार’ हा हिशेब नेहमी बरोबर निघत नाही. ज्या डिझेल इंजिनाने शकुंतलेच्या वाफेची जागा घेतली, तेही आता यवतमाळच्या त्या मार्गावर धावत नाही. ती छोटी गाडी बंद झाली आहे. जिल्ह्यात आता मोठ्या रुळांचा नवा मार्ग येत आहे. वर्धा, यवतमाळ, नांदेड असा तो मार्ग असून, त्यातील वर्धा ते कळंब हा भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. देशातील बहुतेक मोठ्या मार्गांवर आता विजेची इंजिने धावतात. काल ज्याला नवे म्हणून कोणी विचारत नव्हते, ते डिझेल इंजिन आज स्वतःच जुने झाले आहे. आज एखाद्याने शकुंतलेच्या डिझेल इंजिनाचे साधे छायाचित्र दाखवले, तर रेल्वेप्रेमी तेही निरखून पाहतील. इंजिनामागचे डबे, खिडकीत बसलेली माणसे, स्टेशनाच्या पाटीवरचे नाव, सगळे वाचतील. कारण ते पुन्हा दिसणार नाही.

म्हणून, मुलांनो, त्या जुन्या वादाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. वाफेची तसबीर डोळ्यांना अधिक आवडेल, हे खरे. पण एक तसबीर सुंदर आहे म्हणून दुसरी कमी मोलाची ठरत नाही. एक चित्र आपल्याला सांगते, की यंत्र कसे दिसत होते आणि माणूस कसा राबत होता. दुसरे सांगते, की माणसाचे ते कष्ट केव्हा आणि कसे कमी झाले. दोन्ही शेजारी ठेवली, तरच गोष्ट पूर्ण होते.

तुमच्या गावातही अशा रोजच्या गोष्टी असतील. बसस्थानक, जिनिंगचा कारखाना, बाजारातील जुना वजनकाटा, शाळेचे फाटक. आज घरोघरी मोबाइल फोनमध्ये कॅमेरा आहे. रोळाचा खर्च नाही. तेव्हा एखाद्या दिवशी यांतील एका गोष्टीचे छायाचित्र काढा. त्यात माणसेही येऊ द्या, मात्र त्यांना आधी विचारा. आणि एक काम विसरू नका. चित्रासोबत गावाचे नाव, तारीख आणि काय चालले आहे, हे दोन ओळींत लिहून ठेवा. नाव आणि तारीख नसलेली तसबीर मुकी असते. ती लिहिली, की पन्नास वर्षांनंतरही ती पाहणाऱ्याशी बोलू लागते.